पाचाडचा वाडा

रायगडाची यात्रा करणारे आमचे बहुतेक देशबांधव पाचाडास थांबत नाहीत. १९९६ साली रोपवे झाल्यापासून गड चढण्याचे श्रमही पुष्कळांस उरलेले नाहीत. राजसदर, जगदीश्वराचे देवालय व महाराजांची समाधी पाहून होते तो दिवस कलतो, आणि पायथ्याच्या या खेड्यातील पडक्या तटाचा वाडा परतीच्या वाटेवर ओझरता दिसतो, इतकेच. आमच्या मते रायगडाच्या परिसरात इतिहासाच्या अभ्यासकाने निवांत बसावे असे ठिकाण हेच होय.

हा वाडा जिजाबाईसाहेबांचा. गडावरील थंड वारा त्यांच्या उतरत्या वयास मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी हा वाडा बांधविला, अशी परंपरा आहे. सुमारे २७०० फूट उंचीच्या त्या माथ्यावर आषाढ-श्रावणात जो राहिला असेल त्यास या परंपरेचे मर्म सांगावयास नको. धुके घरात शिरते, पांघरूण ओलसर राहते. तरुणासही ते दिवस जड जातात, मग सत्तरी ओलांडलेल्या देहाची काय कथा!

या मायलेकांचे नाते ध्यानात घेताना १६६४ साल विसरता येत नाही. त्या वर्षी जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून निवर्तले. बखरकार सांगतात की बाईसाहेब सहगमनास सिद्ध झाल्या होत्या व पुत्राने आग्रहाने त्यांस मागे ओढले. आईस ‘माझ्यासाठी राहा’ असे सांगणे सोपे. राहिलेल्या आईचे पुढील प्रत्येक वर्ष सांभाळणे ही त्याची खरी किंमत. पुढील वर्षेही विश्रांतीची गेली नाहीत. १६६६ साली महाराज आग्र्यास गेले तेव्हा राज्याचा कारभार मातोश्रींच्याच देखरेखीखाली होता.

वाड्यात एक विहीर आहे; तिला ‘तक्क्याची विहीर’ म्हणतात. काठाशी पाठ टेकून बसावे अशी दगडी बैठक आहे. पंडितांस त्यात विशेष काही दिसणार नाही. परंतु थकलेली पाठ कशास टेकावी हा प्रश्न ज्या घरात रोज पडला आहे, तेथील माणूस त्या दगडापाशी थबकल्यावाचून राहणार नाही.

आम्ही थबकलो, त्यास कारण होते. आमच्या मातोश्रींस शेवटच्या दोन वर्षांत आम्ही गावाहून आपल्या बिऱ्हाडी आणले. बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. आमचे ग्रंथ तेथे, कॉलेज जवळ. जिना उतरवेना म्हणून त्यांचे अंगण सुटले, तुळस सुटली, शेजारणीशी दोन शब्द बोलणे सुटले. औषध वेळेवर, दूध वेळेवर. आईची उत्तम सोय लावली असे आम्ही चारचौघांत सांगतही असू. सोय आमची झाली होती, हे त्या विहिरीच्या काठी प्रथम उमगले. छत्रपतींनी आईस गडावर ठेवून घेतले नाही. घर खाली नेले. असो.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, ज्येष्ठ वद्य नवमीस, बाईसाहेबांनी पाचाडास देह ठेविला. निश्चलपुरी गोसाव्याने हा मृत्यू पहिल्या अभिषेकातील दोषाचे चिन्ह मानिला, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरास तांत्रिक विधीने दुसरा अभिषेक झाला. जन्मसाल परंपरेप्रमाणे १५९८ धरिले तर वय शहात्तर होते, आणि दिवस ऐन पावसाच्या तोंडचे होते. आम्हांस याहून निराळ्या कारणाची गरज भासत नाही.

शकावलीकार मृत्यूची तिथी टिपतो आणि पुढे सरकतो. पथ्याची पेज कोणी केली, रात्री उशाशी कोण जागले, कूस कोणी पालटली, यांची नोंद दरबारी लेखणी ठेवीत नाही. त्या दासींची व सुनांची कामे कागदावर चढली नाहीत. उरला तो एक वाडा.

महाराजांची समाधी गडावर आहे. आईची समाधी मात्र गडावर नेलेली नाही. ती पाचाडासच, त्या वाड्याच्या परिसरात आहे.