स्टॅटिन आणि प्रोबायोटिक (एकत्र सेवन)

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या चालू असताना उपकारक जिवाणूंची कॅप्सूल, पुडी किंवा पेय घेणे. या दोहोंत घातक आंतरक्रिया होत असल्याचे आढळलेले नाही. एकाचे काम दुसऱ्यावर सोपवणे मात्र धोक्याचे आहे.

स्टॅटिन हीही मुळात सूक्ष्मजीवांचीच देणगी. अकिरा एंडो या जपानी संशोधकाने हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनममधून कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन मिळवले. यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मितीचे विकर या औषधाने रोखले जाते. मग यकृत रक्तातले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) अधिक प्रमाणात ओढून घेते. औषध व मात्रेनुसार एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के घटते.

प्रोबायोटिकची वाट वेगळी. लॅक्टोबॅसिलससारखे काही जिवाणू आतड्यात पित्तक्षारांचे विघटन करतात. विघटित पित्ताम्ले शौचावाटे जास्त बाहेर पडतात आणि नवे पित्त बनवताना यकृताचे कोलेस्टेरॉल खर्ची पडते. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरायच्या एका वाणाने चाचण्यांत एलडीएल सुमारे १० टक्के उतरले. सगळ्याच वाणांना हे जमत नाही. अनेकांचा परिणाम नगण्य असतो. शिवाय धान्यप्रधान आहार घेणाऱ्या भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला जिवाणूंचे प्राबल्य असते, हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधनातही दिसले आहे. त्यामुळे परदेशी चाचण्यांचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत.

नळदुर्ग (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) परिसरात ज्वारीच्या भाकरीसोबत ताक रोजचेच. स्टॅटिन चालू असताना ते खुशाल प्यावे, पण ते औषध नव्हे. घरच्या विरजणात कोणता वाण किती संख्येने आहे, हे ठरलेले नसते. आणि कढीला उकळी आली की जिवाणूंचा प्रश्नच मिटतो. प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाच्या दैनिक मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा दंडक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेष्टनावर वाणाचा उल्लेख हवा.

खरी अडचण बहुधा सोबतच्या औषधांची असते. प्रोबायोटिकची पुडी अनेकदा प्रतिजैविकाच्या जोडीने लिहून दिली जाते. ते क्लॅरिथ्रोमायसिन असेल, तर सिमव्हास्टॅटिन वा ॲटोरव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अशा वेळी दोष पुडीचा नसतो. ‘नैसर्गिक’ म्हणून खपवला जाणारा लाल यीस्टचा तांदूळही स्टॅटिनसोबत टाळावा: त्यातील मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांनी जिवंत जिवाणू डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना गाठावे. पुडी सुरू केली म्हणून स्टॅटिन मनाने बंद करू नये.