बाळू पालवणकरांच्या दोन निवडणुका

कफ परेडच्या मच्छीमार नगरात संध्याकाळी एक चक्कर मारा. एका बाजूला जाळी वाळत पडलेली, आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत पोरं रबरी चेंडूनं क्रिकेट खेळतायत. शेजारच्या आंबेडकर नगरातली पोरंही त्यांच्यातच. त्यांना खेळाडूंची नावं विचारा, धडाधडा सांगतील. बाळू पालवणकर कोण म्हणून विचारा, गप्प होतील. दोष पोरांचा नाही. प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे, त्यावरून आपण कितीदा तरी गेलो असू. हा बाळू कोण, हे आपणही कधी विचारलं नाही.

तर दोस्तहो, बाळू पालवणकर म्हणजे या देशातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज. जातीनं चांभार. आणि हाच बाळू १९३७ साली याच मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभा होता. ही दुसरी गोष्ट कळली की आपल्यातले पुष्कळजण पहिली ऐकूनच घेत नाहीत. काँग्रेसचा हरिजन, असं म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण कार्यकर्त्यानं असा विषय संपवू नये. या माणसानं दोन निवडणुका लढवल्या, दोन्ही हरला. त्या दोन पराभवांत आपल्याला शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी माणूस बघू. जन्म १८७६, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, त्यावरून आडनाव. वडील लष्करी खात्यातल्या नोकरीमुळं पुण्यात. पोरगा पुण्यात पारश्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला लागला, महिना ३ रुपये. पुढं गोऱ्यांच्या क्लबात गेला, तिथं ४ रुपये. खेळपट्टी लाटायची, जाळी ठोकायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. ग्रेग नावाचा साहेब होता. आपल्याला बाद केलंस की आठ आणे, असं त्यानं ठरवल्याचं सांगतात. आठ-आठ आण्यांवर हा गोलंदाज तयार झाला.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यासाठी बाळू पाहिजे होता. घेतला. पण कसा? मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळे हातात घेणार. चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत चिनी मातीच्या कपातून पिणार, आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! हे शास्त्र कुठल्या ग्रंथात लिहिलंय ते त्यांनाच ठाऊक.

प्लेगच्या सुमारास तो मुंबईत आला. पुढं बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडून खेळ. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. आझाद मैदानाच्या टोकाला आजही उभा असलेला जो बॉम्बे जिमखाना, तो तेव्हा फक्त गोऱ्यांचा, आणि सामना त्यांच्याच मैदानावर. त्या संघात बाळू होता आणि त्याचा भाऊ शिवरामही होता. देशभर जल्लोष झाला. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तिथं बाळूनं एकूण ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. त्या सत्कारात मानपत्राच्या कामी एक वीस वर्षांचा कॉलेज विद्यार्थी पुढं होता, असं नोंदलेलं आहे. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. म्हणजे बाळू हा बाबासाहेबांच्याही तरुणपणातला अभिमानाचा माणूस.

एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद बाळूला कधी मिळालं नाही. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळलं, आणि कप्तानपद त्याच्या भावांना डावलून देवधरांकडं जाऊ लागलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघं भाऊ जाहीर निषेध करून संघातून बाहेर पडले. ओरड झाली, तडजोड झाली, बाळूला उपकप्तान केलं. १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदू संघ जिंकला. हा झगडा आपल्या इतिहासात मांडला पाहिजे. मैदानावरचा तो सत्याग्रहच होता.

आता राजकारण. विठ्ठलचं कप्तानपद मिळालं ते गांधींच्या अस्पृश्यता-विरोधी हवेत. त्यामुळं बाळूंचा विश्वास त्या बाजूला बसला. हिंदू समाज सुधारतोय, त्याच्यात राहूनच आपल्याला जागा मिळेल, असं त्यांना वाटलं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि ७१ जागा. २० सप्टेंबरला गांधींचा उपास सुरू झाला आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्या करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि पी. बाळूंचीही आहे. एकानं गळ्याशी आल्यावर केली, दुसऱ्यानं विश्वासानं केली. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिला बाळूंनी विरोध केला.

पहिली निवडणूक १९३३ ची, मुंबई महापालिकेची. तिकीट हिंदू महासभेचं. हरले. ज्या हिंदूंसाठी वीस-पंचवीस वर्षं गोलंदाजी केली त्या हिंदूंच्या नावानं उभे राहिले, आणि तरी पडले. मैदानावर टाळ्या वाजवणारे हात मतपेटीपर्यंत येतातच असं नाही.

दुसरी १९३७ ची, मुंबई विधानसभेची. मतदारसंघ भायखळा-परळ, म्हणजे गिरणगाव. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ मध्ये निघालेला. काँग्रेसला बाबासाहेबांना पाडायचं होतं. एखादा सवर्ण पुढारी त्या राखीव जागेवर उभा करता येत नव्हता. मग साठी ओलांडलेल्या बाळूंना पुढं केलं. निकाल असा लागला: बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा. जिंकलो, पण थोडक्यात जिंकलो.

आता इथं नीट लक्ष द्या. पुणे करारानंतर मतदारसंघ संयुक्त, म्हणजे सवर्णांची मतं आपल्या राखीव जागेवरही पडणार. तरी १९३७ ला बाबासाहेब निवडून आले ते कसे? लोकांचं प्रेम होतंच. पण मोजणीची रीतही होती. मुंबई इलाख्यात तेव्हा अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. ही रीत असावी म्हणून बाबासाहेब स्वतः आग्रही होते. आपली माणसं थोडी, मतदानाचा हक्कही सगळ्यांना नव्हता. पण जेवढी होती तेवढ्यांनी सगळी मतं एका नावावर ओतली.

१९५२ ला काय झालं बघा. मतदान सर्वांना, संविधान बाबासाहेबांनी घडवलेलं, आणि उत्तर मुंबईत लोकसभेला बाबासाहेब पडले. हाही जोड मतदारसंघच होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. पण आता रीत बदललेली. मतदाराला दोन मतं, आणि एका उमेदवाराला एकच देता येणार. काँग्रेसनं पुन्हा चर्मकार समाजातलाच उमेदवार दिला, नारायण काजरोळकर. त्यांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१. हजारो मतं बाद झाली. कम्युनिस्टांनी मतं कुजवायचा प्रचार केला, असा आरोप करून बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली, तीही फेटाळली गेली. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक. तिथं काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, बाबासाहेब पुन्हा पडले.

म्हणजे काय? १९३७ ला बाळू, १९५२ ला काजरोळकर, १९५४ ला बोरकर. नावं बदलली, डाव तोच. आपल्यातलाच एक माणूस शोधायचा, त्याला तिकीट द्यायचं, आणि दुसऱ्यांच्या मतांवर निवडून आणायचा. मग तो उत्तर कुणाला देणार? ज्यांच्या मतांवर आला त्यांना. संयुक्त मतदारसंघाबद्दल बाबासाहेब हेच सांगत होते. १९६१ ला जोड मतदारसंघ बंद झाले, पण हा प्रश्न गेला नाही. राखीव जागेवर आजही वस्तीबाहेरचं मत निर्णायक ठरतं.

आपण मात्र काय करतो? डाव सोडून माणसाला शिव्या देतो. आणि माणसावरून जातीवर जातो. ते चांभार, ते काँग्रेसचे, ते फितूर. या बोलण्यानं किती घरं आपल्यापासून तुटली याचा हिशोब कुणी केलाय? पालवणकर भावांनी मातीच्या भांड्यातला चहा प्यायला, कप्तानपदासाठी संघ सोडला, ते आपल्या लढ्यातलं नाही असं कोण म्हणेल? बाळूंचा विश्वास चुकीच्या जागी बसला, एवढंच म्हणता येईल. त्या चुकीची फळं आपण अजून भोगतोय, हेही म्हणावं लागेल. पण चूक आणि फितुरी यांत फरक आहे. तो न करणारा कार्यकर्ता उद्या कुणालाच जोडू शकणार नाही.

बाळू १९५५ साली वारले. पुढच्याच वर्षी बाबासाहेब गेले.

तेव्हा मित्रांनो, पुढची निवडणूक आली की उमेदवाराचं नाव आणि जात वाचून थांबू नका. त्याला तिकीट कुणी दिलं ते बघा. मतं कुठल्या वस्तीतून येणार ते बघा. मोजणीची रीत काय ते आधी शिका आणि वस्तीत समजावून सांगा. आणि मच्छीमार नगरात, आंबेडकर नगरात चेंडू टाकणाऱ्या पोराला एवढं जरूर सांगा, की इंग्लंडात ११४ बळी घेणारा माणूस आपला होता.

जयभीम.