पाटी कोणत्या मुलखाची? दुचाकी, परका माणूस आणि धाराशिवची हद्द

१/ परक्या देशातील शहरात राहावे, तिथे स्वतःची मोटारसायकल घ्यावी आणि ती रोज चालवावी, यात अवघड ते काय? चीनमधील शहरांत राहणाऱ्या परदेशी माणसासाठी मात्र गाडी मिळणे हा सोपा भाग आहे. अवघड आहे ती तिच्यावरची पाटी. ही गोष्ट धाराशिवकरांना दूरची वाटेल. वास्तविक त्यांच्या आजोबा-पणजोबांचे आयुष्य अशाच एका हद्दीच्या काठावर गेले आहे. म्हणून ही मालिका धाराशिवपासून सुरू करून चीनपर्यंत जाईल.

२/ तुळजापूरहून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर. तामलवाडी मागे पडली की धाराशिव जिल्हा संपतो आणि सोलापूर सुरू होतो. आज ही केवळ जिल्ह्याची शीव आहे. १९४८ पर्यंत ती दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे ब्रिटिशांचा मुंबई इलाखा. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून पायी तुळजापूरला येणारा भाविक आईच्या दर्शनासाठी एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात येत असे.

३/ हा मुलूख मालक बदलण्याला सरावलेला होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर धाराशिवचा प्रदेशही निजामाने कंपनी सरकारच्या हवाली केला. त्या काळात कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गात राहून इथला कारभार पाहत होता. १८६० मध्ये धाराशिव पुन्हा निजामाकडे गेले. सात वर्षांत दोनदा राज्य बदलले आणि शेतकरी मात्र त्याच बांधावर उभा होता.

४/ हैदराबाद संस्थानाचे वेगळेपण नकाशावरच्या रेघेपुरते नव्हते. टपाल वेगळे, तिकिटे वेगळी, नाणे वेगळे. निजामाच्या रुपयाला लोक ‘हाली’ म्हणत, इंग्रजी रुपयाला ‘कलदार’. १९५० च्या दराने ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार. राज्यकारभाराची भाषा उर्दू, सरकारी वर्ष फसली. शेजारच्या बार्शी-सोलापुरात कचेरीचा वरचा व्यवहार इंग्रजीत आणि तारीख इसवी सनाची.

५/ आणि जकात. संस्थानातील सीमाशुल्काच्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘करोडगिरीचा नाका’ हा शब्द अजून ऐकू येतो. ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालावर संस्थान कर घेई. मोटार काय, मोटारसायकल काय, ती मुंबईच्या बंदरात उतरणारी विलायती वस्तू. किंमत कलदारात, त्यावर हद्दीवरचा कर, आणि मग संस्थानी दप्तरातील नोंद. गाडी घेणारा मूळचा धाराशिवचा असला तरी त्याची गाडी संस्थानात परकी म्हणूनच दाखल होई.

६/ आता नोंदणीचा प्रश्न. ब्रिटिश हिंदुस्थानात मोटार वाहनांचा अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. पण ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. तिथे संस्थानाचेच नियम. म्हणजे सोलापूरच्या सडकेवर जी पाटी निर्वेध चाले, तिला तामलवाडीच्या अलीकडे मान्यता द्यायची की नाही, हे दुसरे सरकार ठरवणार. रस्ता एकच, खडी एकच, पण गाडीची ओळख अर्ध्या वाटेत बदलणारी.

७/ हैदराबादच्या पाटीवर ‘एचवाय’ ही अक्षरे असत. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. त्या बसच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर जोडलेले असे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या आईचे नाव झहरा बेगम, त्या नावाची ती खूण, असे सांगितले जाते. पाटीवर राज्यकर्त्याच्या घराची आठवण मिरवणे हेही सत्तेचेच लक्षण होते. त्याच निजामाच्या नावाने धाराशिवला ‘उस्मानाबाद’ म्हटले जाऊ लागले होते.

८/ ही हद्द किती खरी आहे, याचा प्रत्यय १९४७-४८ मध्ये आला. स्वतंत्र भारत आणि निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला, पण तणाव वाढतच गेला. भारताने पेट्रोल, मीठ, औषधे अडवून कोंडी केल्याची तक्रार हैदराबाद सरकार करू लागले. दिल्लीने हा आरोप मानला नाही. इकडे रझाकारांच्या अत्याचारांनी सीमेवरची गावे होरपळत होती. बार्शी-सोलापूरच्या बाजूला आश्रय घेतलेल्या माणसाचे स्वतःचे घर परराज्यात होते.

९/ १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूर–हैदराबाद सडकेने आत शिरले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल उडवला जाण्याआधीच ताब्यात आला आणि पुढची वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आले. सोलापूर–नळदुर्ग–उमरगा हा मार्ग आज राष्ट्रीय महामार्ग आहे. त्यावरून दुचाकीने जाणाऱ्याला आपण एके काळची सरहद्द ओलांडली, याची जाणीवही होत नाही.

१०/ सैन्याने हद्द पाच दिवसांत मोडली. कागदांवरची हद्द मोडायला त्यानंतर कित्येक वर्षे लागली. हाली नाणे हळूहळू मागे घेतले गेले, संस्थानी जकात संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. बीदर आणि गुलबर्गा मात्र म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. एक जुनी सरहद्द पुसली गेली, तेव्हाच उमरग्याच्या पूर्वेला नवी आखली गेली.

११/ नेमक्या याच काळात मोटारसायकल सामान्य माणसाच्या आवाक्याच्या दिशेने सरकू लागली. १९५५ च्या सुमारास मद्रासमध्ये एनफिल्डच्या बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६० च्या दशकात म्हैसूरहून जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. नावे परकी, तंत्र परके, पण चालवणारे इथले: गावोगाव फिरणारा डॉक्टर, दुधाच्या किटल्या अडकवलेला गवळी, तालुक्याला जाणारा शिक्षक.

१२/ धाराशिवला दुचाकीचे मोल अधिक, त्याला कारण आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येडशीवरून लातूरकडे जाई. धाराशिव शहर त्या मार्गाच्या बाजूला राहिले. शहराला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते एकविसाव्या शतकात. तोपर्यंत एसटी नाही तर स्वतःचे चाक, एवढाच पर्याय होता. १९८५ नंतर जपानी सहकार्याने बनलेल्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या हिरो होंडासारख्या गाड्या आल्या आणि दुचाकी गावागावात पोहोचली.

१३/ १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचा क्रमांक, ही आजची ओळखीची पद्धत तेव्हा रुळली. उस्मानाबादला एमएच-२५ मिळाले, लातूरला २४, सोलापूरला १३, पुण्याला १२. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. पाटीवरचा पंचवीस तसाच राहिला.

१४/ या कायद्यातील दोन तरतुदी आपल्या विषयाचा गाभा आहेत. पहिली: भारतात कुठेही झालेली नोंदणी देशभर वैध. दुसरी: गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा ‘ना हरकत’ दाखला. म्हणजे एमएच-२५ ची गाडी पुण्यात कितीही वर्षे राहिली तरी नव्या क्रमांकाची सक्ती नाही. तीच गाडी घेऊन उमरग्याचा तरुण नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, की वर्षभराने तिचे परकेपण मोजले जाते.

१५/ आता चीन. जगात सर्वाधिक मोटारसायकली बनवणाऱ्या देशांत तो आघाडीवर, पण त्याच्याच मोठ्या शहरांत मोटारसायकलला मज्जाव. बीजिंगने १९८० च्या दशकातच नव्या पाट्यांवर मर्यादा घातली. तिथे ‘जिंग-ए’ पाटीला शहराच्या बहुतेक भागात मुभा, ‘जिंग-बी’ पाटीला चौथ्या वर्तुळाकार रस्त्याच्या आत बंदी. शांघायमध्येही उपनगरी पाटीला मध्य शहर बंद. ग्वांगझोने १ जानेवारी २००७ पासून शहरात मोटारसायकलींना पूर्ण बंदी केली. शिआनने बंदी सैल केली ती २०१७ च्या अखेरीस.

१६/ पाट्या मोजक्या, म्हणून त्यांची किंमत वाढली. शहरात फिरू देणारी पाटी कित्येकदा गाडीहून महाग पडते. गाडीचे आयुष्यही नियमाने बांधलेले: २०१३ च्या नियमांनुसार मोटारसायकल जास्तीत जास्त १३ वर्षांनी मोडीत काढायची. आपल्याकडे तीस वर्षांची राजदूत अंगणात पुसून ठेवणाऱ्या माणसाला हे ऐकून हळहळ वाटेल.

१७/ परदेशी माणसाची वाट यापुढे सुरू होते. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारातील देश आहे, त्यामुळे इथे आंतरराष्ट्रीय चालक परवाना चालतो. चीन तो मानत नाही. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला वास्तव्याचा दाखला दाखवून, परीक्षा देऊन चिनी परवानाच काढावा लागतो. स्वतःची गाडी घेऊन खुष्कीच्या मार्गाने येणाऱ्या प्रवाशाला तात्पुरती पाटी, तात्पुरता परवाना आणि सोबत अधिकृत वाटाड्या लागतो.

१८/ एके काळी तिथे परदेशी मालकांच्या गाड्यांना काळी पाटी असे, सामान्य चिनी गाडीला निळी किंवा पिवळी. मालक कोण, हे लांबूनच कळावे अशी व्यवस्था. बीजिंगमधील परदेशी रहिवाशांत लोकप्रिय झालेली गाडीही मोठी बोलकी आहे. साइडकार जोडलेली ‘चांगजियांग ७५०’ ही सोव्हिएत एम-७२ ची नक्कल आणि एम-७२ ही जर्मन बीएमडब्ल्यू आर-७१ ची. तीन देशांच्या सरहद्दी ओलांडून आलेले यंत्र चीनचे नागरिक झाले. त्यावर बसणारा मात्र परकाच राहिला.

१९/ पण या बंद्यांचा खरा फटका परदेशी माणसाला बसला नाही. त्याला टॅक्सी परवडत होती. चीनमध्ये ‘हुकौ’ नावाची कुटुंबनोंदणी माणसाला जन्मगावाशी बांधते. खेड्यातून शहरात आलेला मजूर वर्षानुवर्षे तिथे राबूनही कागदावर बाहेरचाच. ग्वांगझोत मोटारसायकलवर प्रवासी नेऊन पोट भरणारे बहुतेक असेच होते. बंदीने त्यांचा धंदा गेला. वसंतोत्सवाला ग्वांगडोंगमधील कारखान्यांतून लाखो मजूर मोटारसायकलींचे तांडे करून, पाठीमागे बायको-पोरे आणि बोचकी बांधून, थंडी-पावसात ग्वांगशीतील गावांकडे निघत. ज्या शहरात ते कमावत होते, त्यातल्या अनेक रस्त्यांवर त्यांच्या चाकाला जागा नव्हती.

२०/ आता धाराशिवकडे पुन्हा पाहावे. अवर्षणाने पोळलेला हा जिल्हा माणसे बाहेर पाठवणारा आहे. ऊसतोडीला, बांधकामावर, शिक्षणाला, कंपनीत. पुण्यात हिंजवडीच्या किंवा चाकणच्या रस्त्यावर एमएच-२५ ची दुचाकी दिसते, तेव्हा त्या दोन आकड्यांत अडीचशे किलोमीटरवरचे गाव लिहिलेले असते. भाड्याची खोली, उधारीची गाडी, पण त्या गाडीला शहरात शिरायला कोणाची परवानगी लागत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती मिळवावी लागली होती, हे विसरले जाते.

२१/ १९४८ पूर्वीच्या धाराशिवकराला ४५ किलोमीटरवरचे सोलापूर परराज्य होते. आज अडीचशे किलोमीटरवरचे पुणे तसे नाही. अंतर कमी झालेले नाही, सडकाही एका रात्रीत झाल्या नाहीत. बदलले ते एवढेच की एका कचेरीने दिलेला कागद दुसऱ्या कचेरीने आपला मानला. संस्थान विलीन झाले याचा रोजच्या जगण्यातील अर्थ हाच: करोडगिरीचा नाका उठला.

२२/ म्हणून शहरांतील गर्दीवर उपाय म्हणून ‘बाहेरच्या गाड्या’ आवरण्याची मागणी होते, तेव्हा थोडे थांबून विचार करावा. गर्दीचा आणि धुराचा प्रश्न खराच आहे, त्यावर नियमही हवेत. पण नियम धुरावर आहे की पाटीवर, हे तपासले पाहिजे. धूर मोजणारा नियम सर्वांना सारखा लागतो. पाटी पाहणारा नियम आधी गाडी अडवतो आणि मग माणूस. तामलवाडीच्या हद्दीने हे पाहिले आहे, ग्वांगझोच्या रस्त्यांनीही पाहिले आहे.