ढाल, आडोसा आणि म्हसवडचे माने

टेबलावर फासे टाकून लढाया खेळणारी मंडळी एका प्रश्नावर तासन् तास भांडू शकतात. मोठी ढाल म्हणजे ढाल, की भिंत? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००३ सालच्या नियमांत याचं उत्तर आहे. टॉवर शील्ड नावाची ४५ पौंडांची ढाल हातात असेल तर शत्रूला तुम्हाला लागेल असा वार करणं अवघड होतं, पण तुमचा वारही ढिला पडतो. आणि तिच्यामागे पूर्ण लपायचं असेल तर त्या फेरीत वार करायचाच नाही. मला हा नियम फार आवडतो. लपणं फुकट नाही, एवढंच तो सांगतो.

आपल्याकडे असली पुरुषभर ढाल दिसत नाही. मराठ्यांची ढाल गोल, कातड्याची, गेंड्याची असली तर भारी समजली जाणारी. वर चार फुलं दिसतात ती नुसती नक्षी नव्हे, आतल्या मुठीच्या कड्या त्यांनीच पक्क्या बसवलेल्या असतात. मुठीमागे बोटं ठेचू नयेत म्हणून छोटी गादी. डाव्या हातात लगाम असणाऱ्या स्वाराला याहून मोठी ढाल परवडलीच नसती. काम नसेल तेव्हा ती पाठीवर. तलवारीचा वार ती झेलते, बंदुकीच्या गोळीपुढे तिचा भरवसा नाही.

आणि ती तुटते! सिंहगडावर १६७० मध्ये तानाजीची ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही, असं सभासद बखर सांगते. मग त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. खेळात ढाल तुटण्याचा नियम बहुतेक जण कंटाळून गाळतात. इथे सगळी गोष्टच त्यावर उभी आहे.

गोळीपासून वाचायचं तर आडोसा हवा. वेढ्यात त्यासाठी खंदक नि मातीचे बांध घालत, ते मोर्चे. आज रस्त्यावर निघतो तो मोर्चा याच शब्दाचा वंशज, आणि निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांतून 'मोर्चेबांधणी' सुरू होतेच. असो.

त्या २००३ च्या नियमाचं खरं उदाहरण मला संताजी घोरपड्यांच्या दोड्डेरीच्या लढाईत दिसतं. साल १६९५. चित्रदुर्गाच्या बाजूला कासिमखानाच्या मोगल फौजेला संताजीने असं घेरलं की ती दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरली. पूर्ण आडोसा मिळाला. पण आत दाणागोटा किती पुरणार? बाहेर पडून वार करायची सोय नाही. माणसं-जनावरं उपाशी मरू लागली, कासिमखान आतच मेला आणि उरलेल्यांनी खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. भिंत पडलीच नाही. तिच्यामागचे लोक संपले.

संताजी स्वतः भिंतीमागे बसणारा नव्हता. त्याचा आडोसा म्हणजे वेग, आणि डोंगर-ओढ्यांची माहिती. परमुलखातून आलेल्या फौजेला त्याची पुढची चाल कळायची नाही. हा आडोसा ढालीपेक्षा मोठा, पण त्यात एक भोक आहे. वाटा जाणणाऱ्या माणसापुढे तो चालत नाही.

तो माणूस म्हसवडचा निघाला. नागोजी माने, तिथला देशमुख. त्याचा मेहुणा अमृतराव निंबाळकर याला संताजीने हत्तीच्या पायी दिलं होतं, आणि नागोजीच्या बायकोने भावाच्या सुडाचा ध्यास घेतला, असं सांगतात. १६९७ पर्यंत संताजीचं राजाराम महाराजांशी फाटलं होतं, धनाजी जाधव मागावर होता, बरोबरची माणसं पांगली होती. शंभू महादेवाच्या डोंगराळ मुलखात तो आसरा शोधत आला, म्हणजे नेमका मान्यांच्या अंगणात. माणदेशातल्या उघड्या माळावर लपायला झाड मिळणं मुश्किल, पण घळी आणि ओढे आहेत, आणि ते नागोजीला पोरवयापासून ठाऊक असणार.

खाफीखान लिहितो की संताजी ओढ्यावर आंघोळ करत असताना त्याला गाठलं. म्हणजे अंगावर चिलखत नाही, हाताशी ढाल नाही. त्याचं मस्तक भीमेकाठच्या ब्रह्मपुरीच्या छावणीत औरंगजेबाकडे गेलं.