न विचारलेला कौल

1983 साली कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा कल्याण-डोंबिवलीसोबत अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची बरीच खेडी तिच्यात घालण्यात आली. नऊ वर्षांनी, 1992 मध्ये, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर बाहेर पडले व तिथे स्वतंत्र नगरपालिका आल्या. या घडामोडीबद्दल एवढेच सांगितले जाते की लोकांना कल्याणच्या कारभाराखाली राहायचे नव्हते. ते खरे असावे असे मलाही वाटते. मात्र लोकांचे हे मत कुणी कधी मोजले नाही. आत घेताना अधिसूचना निघाली, बाहेर काढतानाही अधिसूचनाच निघाली. बाहेर पडणे योग्यच होते, तरीही रहिवाशांना थेट न विचारता ते झाले, ही त्या निर्णयातली उणीव आहे आणि ती अजून भरून निघालेली नाही.

नाराजीचे कारण अंतरात शोधण्याचा मोह होतो. रेल्वेने कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. मधले उल्हासनगर या महापालिकेत नव्हतेच, म्हणजे आपल्या महापालिकेच्या मुख्यालयात जायला अंबरनाथकराला दुसऱ्याच पालिकेची हद्द ओलांडावी लागे. तरी हा काही मिनिटांचा प्रवास आहे, आणि याच गावांतली हजारो माणसे रोज नोकरीसाठी थेट मुंबई गाठत होती. मला दुसरे कारण जास्त वजनदार वाटते. कल्याण महापालिकेची पहिली निवडणूक झाली 1995 मध्ये, तोवर कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे अंबरनाथ-बदलापूर महापालिकेत असण्याच्या संपूर्ण काळात तिथल्या मतदाराने एकही नगरसेवक निवडून दिला नाही. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, तर ज्याची कॉलर धरावी असा आपल्या मताचा माणूस सभागृहात नव्हता, कारण सभागृहच नव्हते. मोठ्या घरात नांदायला माणसे तयार होतात, पण तिथे आपल्याला बोलता आले पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, कौल वेगळा घ्यायची गरज काय, नंतरच्या निवडणुकांतून तो दिसतोच. गोव्याचा अनुभव याच्या उलट आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, या एकाच प्रश्नावर 16 जानेवारी 1967 रोजी तिथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल आणि वेगळे राहण्याची दोन पाने. वेगळे राहण्याच्या बाजूने 1,72,191 मते पडली, विलीनीकरणाला 1,38,170. आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता दिली. विलीनीकरण हा ज्या पक्षाचा मुख्य आग्रह, त्याचा तो आग्रह लोकांनी नाकारला आणि सत्ता मात्र पुन्हा त्यालाच दिली. हा कौल झाला नसता, तर मार्चचा निकाल पाहून गोव्याला महाराष्ट्रात यायचे आहे असे कुणीही ठामपणे लिहिले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हो-नाहीच्या प्रश्नात कारणे दडून जातात. ब्रिटनने 1975 साली युरोपीय बाजारपेठेत राहण्याला सुमारे 67 टक्के मते दिली आणि 23 जून 2016 रोजी 51.9 टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचे ठरवले. सोडून नेमके कुठे जायचे, व्यापाराचे काय, सीमेचे काय, हे मतपत्रिकेवर नव्हते. प्रत्यक्ष बाहेर पडायला 31 जानेवारी 2020 उजाडले. हा दोष मान्य केला पाहिजे. किंबहुना तो अंबरनाथलाही लागू पडतो, कारण महापालिका सोडली म्हणून सगळे आपल्या हाती आले नाही. पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून येते, कारखान्यांच्या पट्ट्यात एमआयडीसी, प्रादेशिक नियोजनात एमएमआरडीए. पण यातून निघते ते इतकेच की कौल घेताना पुढचा हिशेबही लोकांपुढे मांडावा. पाणी कोण देणार, घरपट्टी किती होणार, कामगारांचे काय, हे आधी सांगावे. विचारूच नये, असे त्यातून निघत नाही.

न विचारल्याने काय होते ते शेजारच्या सत्तावीस गावांत दिसते. 2002 मध्ये ती कल्याण-डोंबिवली महापालिकेतून वगळली, 2015 मध्ये पुन्हा घेतली, आणि गावांच्या संघर्ष समितीने त्या वर्षीच्या पालिका निवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली. 2020 मध्ये त्यांतली अठरा गावे पुन्हा वगळण्यात आली, पण त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मुद्दा होता महापालिकेशी आवश्यक ती सल्लामसलत न झाल्याचा. कायद्यात महापालिकेच्या मताला अशी जागा आहे. रहिवाशाला मिळते ती ठराविक मुदतीत हरकत नोंदवण्याची संधी, आणि हरकतींची संख्या कितीही असली तरी ती सरकारवर बंधनकारक नसते. अंबरनाथ आणि बदलापूर मिळून महापालिका करण्याची चर्चा अधूनमधून होत असते. ती प्रत्यक्षात यायची असेल, तर अधिसूचनेच्या मसुद्याआधी दोन्ही गावांत मतपेटी ठेवली जावी, आणि बुवापाड्यातल्या मताची किंमत शिवमंदिराजवळच्या सोसायटीतल्या मताइतकीच धरली जावी.