सातबाऱ्यावरचा पणजोबा, कागदाबाहेरची पणजी

चवदार तळ्याच्या गावात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की 1927 साल येणारच, आणि यायलाच हवं. आज मात्र आम्ही तिथे जरा वळसा घालून जाणार आहोत. महाड किंवा पोलादपूर तालुक्यातलं एक शेतकरी जोडपं घ्यायचं. कुठलं? तुमच्याच घरातलं. तुमचे पणजोबा आणि पणजी. या दोघांचा इतिहास लिहायला बसलो तर हाताला काय लागतं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हटला की माणूस थेट रायगडावर जातो. मूळ पुरुष कोण, कुठल्या गडावर होता, हे घरातला लहान मुलगाही सांगेल. पण पणजीचं माहेर कुठलं असं विचारलं की घरात शांतता पसरते. (हशा) हसू नका, घरी जाऊन विचारून बघा.

लोक म्हणतात, आम्ही गरीब माणसं, आमच्याकडे कसले कागद? ते खरं नाही. ज्याच्याकडून सारा किंवा खंड घ्यायचा त्याचा हिशेब कुणीतरी ठेवतंच. आपला भाग खोतीचा. शेत कसायचं कुळाने आणि पिकातला वाटा द्यायचा खोताला. भाताचा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, कोकणात सर्रास चालायची. शिवाय खोताच्या शेतावर, खोताच्या घरी वेठ. या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधानसभेत विधेयक मांडलं, 10 जानेवारी 1938 ला मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, आणि खोती नाहीशी करणारा कायदा व्हायला 1949 उजाडलं. त्याआधी 1948 चा कुळकायदा आला. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने ती जमीन विकत घेतलेला मालक मानला गेला. मग कलम 32ग ची चौकशी, किंमत ठरवणं, हप्ते, आणि शेवटी 32म चा दाखला. तुमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तो दाखला असेल तर जपून ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या कुळ असलेल्या घराचा तो मालकीचा पहिला कागद आहे.

आता त्या दाखल्यावर नाव कुणाचं? पणजोबांचं. सातबाऱ्यावरही त्यांचंच, आणि कधीकधी नावापुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आमच्या मते कोकणच्या शेतकरी घराचा इतिहास वाचताना सगळ्यात जास्त फसवणारी हीच तीन अक्षरं. कारण हा मॅनेजर होता कुठे? अनेक घरांत तो मुंबईला, गिरणीत होता. दासगावच्या बंदरातून बोटीने जायचा, पुढे एस.टी.ने. परळ, लालबागला गावकीच्या खोलीत पथारी, खाणावळीत जेवण, महिन्याला गावी मनिऑर्डर. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, जमलं तर लावणीला चार दिवस. बाकीचं वर्ष?

बाकीचं वर्ष शेत पणजीने केलं. आपल्या भातशेतीचं काम पावसाळ्यात सुरू होत नाही, ते उन्हातच सुरू होतं. डोंगरावरून कवळं तोडून आणायची, पालापाचोळा, गवत, शेण पसरायचं आणि तो राब भाजायचा. डोक्यावरचे ते भारे बायकांचे. पाऊस पडला की पेरणी, मग चिखलणी, मग इरलं पाठीवर घेऊन दिवसभर कमरेत वाकून लावणी. नांगर धरणं तेवढं पुरुषाचं काम मानलं गेलं. तो गावात नसला की दिराला सांगायचं, नाहीतर पैरा करायचा : तुझा बैल आज माझ्याकडे, माझे हात उद्या तुझ्या शेतात. पोलादपूरच्या चढावर तर खाचरं थोडी आणि वरकस जास्त. तिथली नाचणी, वरी म्हणजे निंदणी आणि राखण. म्हणजे रानडुकरांशीही तिचाच व्यवहार.

जुन्या सातबाऱ्यावर पिकांच्या तक्त्यात जमीन करणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना होता. म्हणजे सरकारने प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तर मात्र ‘खुद्द’ असं यायचं, आणि खुद्द म्हणजे वर ज्याचं नाव आहे तो. तो खुद्द त्या वेळी सांच्यावर उभा असायचा.

मग ती कागदावर येते कधी? नवरा गेल्यावर. मुलं लहान असतील तर फेरफाराच्या वहीत मुलांची नावं चढतात आणि पुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहून तिचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा सज्ञान झाला की नवा फेरफार होतो आणि हे नाव कमी केलं जातं. तुमच्या घरचा जुना फेरफार काढलात आणि त्यात हे सापडलं, तर तिथे थांबा. शेतकरीण म्हणून ती कागदावर दिसते ती तेवढ्याच काही वर्षांपुरती.

आता तळ्याकडे येऊ. 20 मार्च 1927 ला इथे जे घडलं ते तुम्हाला सांगायला नको. पण त्या परिषदेतल्या भाषणात बाबासाहेब पाण्याबरोबर पोटाबद्दलही बोलले होते. सैन्यातली भरती बंद झालेली, गावकीच्या तुकड्यांवर जगणं अपमानाचं, तेव्हा शिका, नोकऱ्या मिळवा आणि शेतीकडे वळा, असा त्याचा रोख होता. महार घरातल्या जोडप्यासाठी हा सल्ला सोपा नव्हता. त्यांच्याकडे जमीन असलीच तर वतनाची, आणि वतन म्हणजे गावाची चाकरी. ती वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा. त्यामुळे कुणब्याच्या घरात आपण 32म चा दाखला शोधतो, तसा या घरात वतन जमिनीच्या फेरवाटपाचा हुकूम शोधायचा.

त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला बायका आल्या होत्या, आणि बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे वेगळं भाषण केलं. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षं चालला, हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937 ला लागला. त्या दाव्यातले प्रतिवादी पाहिले तर सगळे पुरुष. पाण्याचा रोजचा संबंध ज्यांचा, त्या कोर्टाच्या कागदातही नाहीत.

कुणी म्हणेल, गेलं ते गेलं, आता नावं शोधून काय करायचं? मंडळी, हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा मोबदला ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला मिळणार होता. अशा वेळी लग्न होऊन गेलेल्या बहिणींची आठवण होते, ती हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला, पण माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. नवऱ्याच्या बरोबरीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना सरकारने 1992 मध्ये काढली. किती घरांनी अर्ज केला? इथे बसलेल्यांपैकी कुणी केला असेल तर हात वर करा. ... बरं.

आणि घाई करा. 2005 चा पाऊस, 2021 चा जुलै, दासगाव, तळिये : दरड आणि पूर माणसांबरोबर ट्रंकाही घेऊन जातात. महाडच्या बाजारपेठेत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना भिजलेले कागद म्हणजे काय ते माहीत आहे.

सुरुवात कुठून करायची? पणजोबांसाठी तलाठी कार्यालय आणि तहसीलचं रेकॉर्ड. पणजीसाठी आधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई गाठा आणि तिचं माहेरचं गाव, वडिलांचं नाव विचारून घ्या. लग्नात तिचं नावही बदललं असेल, म्हणून माहेरचं नावच विचारायचं. मग त्या गावचा नमुना नंबर 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ती जन्ममृत्यूची नोंद मागायची. जुनं पान असेल तर मोडीत असेल, वाचणारा बरोबर न्या. तारीख सापडेल, बापाचं नाव सापडेल, जात सापडेल. आणि बऱ्याचदा बाळाच्या नावाच्या जागी एकच शब्द सापडेल : मुलगी.