गळालेल्या अक्षराची खूण

इंग्रजीच्या वहीत मुलांना सर्वाधिक छळणारे चिन्ह कोणते, असे विचारले तर मी अपॉस्ट्रॉफीचे नाव घेईन. मराठीच्या विरामचिन्हांत ती नाही, उर्दूतही नाही. अल्लीपूरसारख्या गावातल्या मुलाला ती परकी वाटते, आणि चुकली की 'इंग्रजी कच्चे' असा शिक्का बसतो. इतिहास पाहिला तर मात्र ती ओळखीची निघते.

मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत, मग विरामचिन्हे कुठली? मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह अशी इंग्रजी चिन्हे मराठीत रुळत गेली. अपॉस्ट्रॉफी तेवढी बाहेर राहिली. मालकी सांगायला आपल्याकडे 'चा-ची-चे' होते, उर्दूकडे 'का-की-के'.

मुळात ती गळालेल्या अक्षराची खूण. सोळाव्या शतकात फ्रेंचच्या वळणाने ती इंग्रजीत आली. 'डू नॉट'चे 'डोन्ट' होताना 'ओ' गळतो, त्याच्या जागी ती बसते. मालकीचेही तसेच. जुन्या इंग्रजीत 'राजाचा' म्हणायला राजाच्या शब्दाला 'ई-एस' जोडत. पुढे 'ई' गेला, खूण उरली.

संस्कृतातला अवग्रह हेच काम करतो. 'सः अहम्'चे 'सोऽहम्' होताना 'अ' लोपतो, तिथे तो येतो. मराठीतही अशी खूण होती. 'पञ्च'वरून आलेला शब्द पूर्वी 'पांच' असा लिहीत. तो न उच्चारलेला अनुस्वार हरवलेल्या अनुनासिकाची आठवण होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो काढला. पाच पाचच राहिले.

'इट इज'च्या 'इट्स'ला खूण हवी, 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'ला नको, हा नियमही फार जुना नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या छापील इंग्रजीत दुसऱ्यालाही खूण लावलेली आढळते. आज आपले मूल जिथे अडखळते, तिथे इंग्रजही बराच काळ अडखळत होते.

म्हणून लाल शाई चालवण्याआधी मुलाला दोन प्रश्न विचारावेत. इथे दोन शब्द जोडून अक्षर गाळले आहे का? नसेल, तर नामाची मालकी दाखवायची आहे का? 'बुक्स' म्हणजे नुसती पुस्तके असतील तर दोन्ही नाही, म्हणून खूण नाही. 'त्याचे' अर्थाचा 'इट्स' हे 'हिज'सारखे सर्वनाम, त्यालाही नाही. कारण कळले की घोकंपट्टी लागत नाही, आणि शिक्क्याचीही गरज उरत नाही.